तिकीट आणि वाटा

फोंडाघाटच्या बाजारपेठेत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मे महिन्यात एक दृश्य रोज दिसते. घाट उतरून आलेली कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडची गाडी चहाच्या टपरीपाशी थांबते. मागचे दार उघडते आणि पाच-सहा वर्षांचे एक मूल पांढऱ्याफटक चेहऱ्याने खाली उतरते. त्याला घाटात गाडी लागलेली असते. आई बाटलीतल्या पाण्याने त्याचे तोंड धुते, वडील आवळ्याच्या गोळ्या विकत घेतात आणि टपरीवाल्याला विचारतात, ''तारकर्ली अजून किती?'' उत्तर ऐकून मूल पुन्हा रडायला लागते. दहा मिनिटांत गाडी निघून जाते. फोंड्याला म्हणून कोणी आलेले नसते.

माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान त्या टपरीच्या समोर आहे. शिक्षण बारावीपर्यंत, बाकी सगळे वाचन गावच्या आणि कणकवलीच्या ग्रंथालयांतून झालेले. ही मुले बघता बघता काही वर्षांपूर्वी एक प्रश्न मनात आला आणि तो अजून सुटलेला नाही. गाडी लागलेल्या या मुलाच्या सुट्टीविषयी मराठीत कोठे काय लिहिले गेले आहे? आज मराठी मध्यमवर्गीय घर वर्षाचे पैसे साठवून ज्या गोष्टींवर खर्च करते त्यांत लहान मुलांना घेऊन केलेली चार दिवसांची सहल वरच्या क्रमांकावर आहे. समुद्रकिनारा, रिसॉर्ट, वॉटर पार्क, पाळण्यांचे मोठे पार्क. एवढी मोठी गोष्ट आपल्या साहित्यात दिसते का?

प्रथम प्रवासवर्णने काढली. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. त्यात वरसईचा एक भिक्षुक घरची तंगी भागवण्यासाठी उत्तरेकडे जातो आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडतो. तो प्रवास पोटासाठी होता, तिथे मूल असण्याचा प्रश्नच नव्हता. पण पुढे हौसेचा प्रवास आला तरी मूल काही प्रवासाला निघाले नाही. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० ची. मराठी माणसाला परदेश हसत-खेळत दाखवणारे हे पुस्तक, आणि त्यात प्रवास आहे तो जोडप्याचा. माझ्या वाचनात आलेल्या नंतरच्या बहुतेक प्रवासवर्णनांतही प्रवासी एकटा असतो, जोडीने असतो किंवा मित्रमंडळींत असतो. मुलाला बाथरूमला कुठे न्यायचे, त्याला परका वरणभात आवडेल का, ते दुपारी कुठे झोपेल, या चिंता ज्याच्या खिशात आहेत असा निवेदक मला क्वचितच भेटला. जिथे मूल सोबत आहे तिथे 'निरीक्षण' करायला सवड नसते, हे त्याचे एक कारण असावे. आपले प्रवासवर्णन सवडीतून जन्मले आहे.

दुसरीकडे बालसाहित्य आणि बालगीते पाहिली. तिथे मूल प्रवास करते, पण एकाच ठिकाणी जाते. मामाच्या गावाला. ग. दि. माडगूळकरांचे अगीनगाडीचे गाणे ज्याला पाठ नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. माझ्या बहिणीने ते तिच्या मुलांना म्हटले, त्या मुलांनी त्यांच्या मुलांना मोबाइलवर लावून दिले. हे गाणे आमच्याकडे गावोगावच्या बालवाड्यांतून म्हटले गेले, आणि इथेच एक गंमत माझ्या लक्षात आली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या किमान एका पिढीने जी गाडी कधी पाहिली नव्हती तिच्यातून मामाकडे जाण्याचे गाणे म्हटले. आमचे चाकरमानी आधी बोटीने आणि पुढे एस.टी.ने येत. मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरात माणसे उतरवी आणि पावसाळ्यात तीही बंद असे. गाण्यातली गाडी आमची नव्हतीच.

आता याच्या शेजारी दुसरे वर्ष ठेवून पाहावे. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ साली. रेल्वे आली त्याच्या पुढच्या वर्षी. ज्या रुळांवरून भाचा मामाकडे येऊ शकला असता त्याच रुळांवरून पर्यटकही आला, आणि दोघे एकदमच आले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत भाचाच पर्यटक झाला. 'मामाचा गाव हरवला' असे जे लेख दर दिवाळी अंकात येतात त्यांत हा ऱ्हास हळूहळू झाल्यासारखा सांगितलेला असतो. आमच्या जिल्ह्यापुरते तरी तसे म्हणता येत नाही. गावी पोचण्याची सोय आणि गाव टाळून पुढे जाण्याची सोय आमच्याकडे एकाच हंगामात आली.

सरकारी कागदही हेच सांगतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीचे १९८८ चे नियम वाचण्यासारखे आहेत. चार वर्षांच्या गटात दोनदा स्वतःच्या गावी जाता येते, किंवा त्यातली एक खेप भारतात कुठेही जाण्यासाठी वापरता येते. गाव कोणते, हे नोकरीत नोंदवून ठेवावे लागते. कायद्याने 'गाव' आणि 'कुठेही' हे दोन पर्याय एका ओळीत मांडले. नोकरदाराच्या घरात दर चार वर्षांनी या दोहोंवर चर्चा होत असणार, आणि मुले मोठी होऊ लागली की 'कुठेही' जिंकत असणार. माझ्या मेहुण्यांच्या घरी तरी तसेच झाले.

इथवर आल्यावर मीही एक हळहळीचा लेख लिहायला घेतला होता. मी स्वतः मामा आहे. माझ्या बहिणीची दोन मुले १९९० च्या दशकात दर मे महिन्यात डोंबिवलीहून फोंड्याला येत. चुलत-मावस धरून घरात दहा-बारा पोरे होत. करवंदे, जांभळे, फणसाचे गरे, ओहोळातले आंघोळीचे डबके, रात्री अंगणात आडवे-तिडवे पसरलेले अंथरूण. आता तोच भाचा पुण्याहून बायको-मुलासह येतो आणि तारकर्लीला तीन रात्री राहतो. आमच्याकडे जाता-येता दोन तास. लेखाची पहिली चार पाने मी बायकोला वाचून दाखवली. ती रातांबे फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ''तुमका गाणा आठवता, माका चूल आठवता.''

तो लेख तिथेच थांबला. मी गाणे पुन्हा डोळ्यांसमोर आणले. त्यात मामा धनवान आहे आणि मामी स्वयंपाकात हुशार आहे. गाण्यात मामीला दुसरे कामच नाही. हळहळीचे सगळे लेख पुन्हा चाळले. त्यांत घावणे आहेत, पण पहाटे उठून दहा पोरांसाठी ते घालणारा हात नाही. विहिरीचे थंड पाणी आहे, पण ते ओढणारे कोणी नाही. आईदेखील माहेरी 'आराम करायला' आलेली असते असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात माझी बहीण आल्या दिवसापासून कमरेला पदर खोचून माझ्या बायकोबरोबर मागच्या पडवीत असे. मे महिन्याची सुट्टी पुरुषांनी आणि मुलांनी घेतली आणि बायकांनी ती पुरवली. मग रिसॉर्टमध्ये पोचल्यावर माझी सून, म्हणजे भाच्याची बायको, पलंगावर बसून पहिल्यांदा ''आता तीन दिवस भाजी काय हा प्रश्न नाही'' म्हणते, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला राहत नाही.

हळहळीत आणखी एक गृहीत लपलेले असते. प्रत्येकाला मामाचा गाव होता आणि तो गोड होता. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातले मूलही मुंबई आणि गाव यांच्यामध्ये ये-जा करते, पण एका टोकाला कावाखाना आहे आणि दुसऱ्या टोकाला महारवाडा. त्या मुलाच्या गावी जाण्यावर बालगीत होऊ शकत नाही. गावातल्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे हे जिथे ठरलेले होते, तिथे 'विहिरीचे थंड पाणी' ही आठवण सर्वांची कशी असेल? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला, तेही याच कोकणात. वॉटर पार्कच्या कृत्रिम लाटेत हजार माणसे एका पाण्यात उभी असतात आणि कोणी कोणाला आडनाव विचारत नाही, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. तिकिटाला जात नसते. तिकिटाला किंमत मात्र असते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांची मुले फाटकाच्या आतही येत नाहीत. आमच्या बाजारपेठेतल्या किती मुलांनी असे पार्क पाहिले आहे हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

तेव्हा हळहळ बाजूला ठेवून नव्या सुट्टीकडे तिच्या स्वतःच्या मापाने पाहायला हवे. पाळण्यांच्या मोठ्या पार्कचा इतिहास सांगताना वॉल्ट डिस्नेची एक आठवण सांगितली जाते. ती त्याने स्वतःच सांगितलेली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली घोड्यांच्या चक्रात बसत आणि तो बाकावर बसून शेंगदाणे खात वाट पाही. मुले आणि आईबाप यांनी एकत्र मजा करावी अशी जागा का नसावी, असे त्याला तिथे वाटले. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले ते या बाकावरून उठण्यासाठी. आपल्याकडे गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आले, खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये.

अशा एका पार्कात मी भाच्याच्या आग्रहाने एकदा गेलो आहे. कोणते ते सांगण्याचे कारण नाही, सगळीकडे रीत सारखीच असते. दिवसभर पाहिले ते असे की बाक काही सुटलेला नाही. सावलीतल्या प्रत्येक बाकावर एक आजी, चार पिशव्या आणि सुके कपडे होते. आई रांगेत होती, वडील मोबाइल उंच धरून पाळण्यात मूल कधी दिसते याची वाट पाहत होते. मजा वर फिरत होती आणि माणसे खाली तिची नोंद करत होती.

तिथे माझ्या लक्षात राहिली ती उंची मोजायची पट्टी. एस.टी.त अर्धे तिकीट वयावर असे. पाच ते बारा. पोर तेरा वर्षांचे असले तरी आई कंडक्टरला बारा सांगे, कंडक्टर पोराच्या ओठावरची लव पाही आणि सोडून देई. त्या खोटेपणातही दोन माणसांची गाठ पडत असे. पार्कात तिकीट उंचीवर असते. खिडकीपाशी भाच्याने मुलाला ''जरा पाय वाकव'' म्हटले, आणि तासाभराने मोठ्या पाळण्याच्या रांगेत त्याच मुलाला ''टाचा उचल, ताठ उभा राहा'' म्हटले. मुलगा गोंधळून गेला. आपण लहान असणे बरे की मोठे, हे त्याला कळेना. शेवटी पट्टीने त्याला दोन बोटांनी नाकारले आणि तो घरी येईपर्यंत बोलला नाही. पट्टी सुरक्षिततेसाठी असते, ती असायलाच हवी. तरीही त्या दिवशी त्या मुलाला स्वतःविषयी जे कळले ते एवढेच की आपण पुरेसे नाही.

किनाऱ्याचे काय? आमच्या बोलीत वाळूच्या किनाऱ्याला 'पुळण' म्हणतात. गणपतीपुळ्याच्या नावाचा संबंध लोक याच शब्दाशी जोडतात. आता मालवण-देवगडच्या पाट्यांवर सगळीकडे 'बीच' आहे. शब्द बदलला म्हणून मी रडणार नाही, कारण वस्तूही बदलली आहे. पुळण ही कामाची जागा होती. तिथे होड्या ओढल्या जात, जाळी सुकत, रापण लागे. रापणीचे लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकून दोन्ही टोकांनी माणसे ते किनाऱ्यावर ओढतात, आणि ओढायला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो. पोरेही दोराला लोंबकळत आणि मूठभर मासळी घेऊन घरी जात. तिथे खेळ नव्हता असे नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत समुद्राच्या काठावरच आकाशपाळणे लागतात, खाजे मिळते, पिपाण्या वाजतात. पाळणा आणि लाटा यांची जोडी परक्यांनी शिकवलेली नाही. पण जत्रेत मूल देवाला, नातेवाइकांना आणि पाळण्याला एकाच फेरीत भेटते. बीचवर ते फक्त बीचला भेटते.

पाण्याशी मुलाचे नाते कसे जुळते याचे मराठीतले सर्वांत ठळक चित्र 'श्यामची आई'त आहे. पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला आई मारत विहिरीकडे हाकलते, आणि पोहून परतलेल्या मुलाला जवळ घेते. आजच्या आईबापांना त्यातला मार पटणार नाही, मलाही पटत नाही. पण त्या प्रसंगाची रचना पाहावी. मूल घाबरते, पाण्यात जाते, परत येते तेव्हा त्याला काहीतरी येत असते. आता तारकर्लीची होडी आठवावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला जॅकेट बांधतात, तोंडाला नळी लावतात, गावातला एक तरुण त्याला धरून पाण्याखाली मासे दाखवतो आणि दुसरा चित्रफीत काढतो. मूल वर येते तेव्हा त्याच्याजवळ चित्रफीत असते. पोहणे त्याला आधी येत नव्हते तसे आताही येत नाही. ज्याला पाणी येते तो त्याला धरणारा तरुण, आणि त्याचे नावही बहुधा कोणी विचारलेले नसते. समुद्र मात्र जॅकेट पाहून सौम्य होत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची स्कूबाची बोट उलटली आणि दोन जीव गेले. मे अखेर आमचा दर्या कसा फिरतो हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक असते.

यातून मला एक कसोटी सुचली, ती वाचकांपुढे ठेवतो. मुलाच्या सुट्टीत तिकीट किती आणि वाटा किती? तिकीट म्हणजे पैसे देऊन मिळालेला ठरावीक वेळ, ज्यात मुलाने काही करायचे नसते, त्याच्यासाठी सगळे केलेले असते. वाटा म्हणजे हात लावल्याबद्दल मिळालेला हिस्सा. तिकिटात समता आहे, सोय आहे, आईला विश्रांती आहे. वाट्यात ओळख आहे, पण त्या ओळखीची मजुरी आजवर मामीने भरली. चांगल्या सुट्टीला दोन्ही लागतील असे मला वाटते. देवबाग-तारकर्लीच्या निवास-न्याहारीच्या घरांत याची शक्यता दिसते. तिथेही बाईच पहाटे उठून घावणे घालते, पण रात्रीअखेर तिच्या हातात पैसे येतात. असल्या घरांत उतरणारे मूल चुलीपाशी जाऊन बसले तर त्याला कोणी हाकलत नाही, एवढे मी पाहिले आहे. ते तिथे का बसते, काय विचारते, हे कोणी लिहिलेले नाही. अभिप्रायवहीत मोठी माणसे जेवणाची चव आणि खोलीची स्वच्छता लिहितात. साहित्याने लिहायचे ते अजून बाकी आहे, आणि ते लिहिणारा बहुधा बाकावर बसलेला नसेल.

या वर्षी मे महिन्यात भाच्याचा फोन आला. तारकर्लीला दोनच रात्री जागा मिळाली आहे, तिसरी रात्र तुमच्याकडे काढू का? आले. मुलगा सहा वर्षांचा. पडवीत येऊन चारही बाजूंना पाहिले आणि मला म्हणाला, ''आजोबा, इथे काय काय करायचं असतं?'' मला उत्तर सुचेना. बायकोने त्याला बोलावून रातांब्यांच्या टोपलीपाशी बसवले. ती फोडत होती, तो बिया वेगळ्या करत होता. तासाभरात कोपरापर्यंत हात लाल झाले, बनियन कायमचे गेले. मध्येच उठून तो ओहोळ बघून आला आणि पुन्हा बसला. दोनदा कंटाळाही आला, ते लपवत नाही. मोबाइल मागितला, मिळाला, ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी निघताना भाच्याने मामीच्या हातात पैसे ठेवले. ''रिसॉर्टला दिलेच असते ना,'' म्हणाला. माझ्या तोंडाची चव गेली. माझ्या घरात माझा भाचा जेवणाचे पैसे देतो! तिने नोटा घेतल्या, मोजल्या आणि डब्याखाली ठेवल्या. गाडी वळणावर गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, ''देवबागातली बाई घेता ता चलता, आणि मी घेतलंय तर तुमचा तोंड वाकडा कित्याक?''

याला उत्तर नव्हते, अजून नाही. पण एक गोष्ट मी पाहिली होती. पोराच्या पिशवीत तिने कोकमाच्या आगळाची एक बाटली घातली होती, जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळून. भाच्याने तिचेही पैसे विचारले तेव्हा तिने मान हलवली. त्या बिया त्याने काढल्या होत्या. तो त्याचा वाटा होता.